परक्या देशांतील टपाल

पुण्याच्या एखाद्या पेठेंत वाड्याचें नांव, जवळच्या देवळाची खूण आणि खालीं 'अमक्यांचे घरीं' एवढें लिहिलें तरी पत्र ज्याचें त्याला पोंचतें, असा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांच्या गांठीं असेल. आपल्याकडचा पोस्टमन घरें ओळखतो, आणि त्याहूनहि अधिक तो माणसें ओळखतो. जोशांचा धाकटा मुलगा परीक्षेला बसला आहे, वरच्या मजल्यावरील मावशींची पेन्शन या आठवड्यांत यावयाची आहे, हें त्याला ठाऊक असतें; आणि पत्त्यांत एखादी चूक असली तर ती तो मनांतल्या मनांत दुरुस्त करून घेतो. ही सोय इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं, परदेशीं गेलेला मनुष्य ती तेथेंहि असणार असें गृहीत धरून चालतो. तेथेंच तो फसतो.

आज मी जर्मनीचें उदाहरण घेणार आहें. एक तर तेथें मला स्वतःलाच ठेंच लागली. दुसरें असें कीं, २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत जर्मन विद्यापीठांतून शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांवर गेली होती. आणि पुण्यांत जर्मन भाषेचे वर्ग कसे भरतात हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या संख्येंत आपल्याकडील मुलेंमुली किती असतील याची कल्पना येईल. आज ऐकणाऱ्यांपैकीं कोणाचा मुलगा, कोणाची भाची, कोणाची सून तिकडे निघण्याच्या तयारींत असेल. पेटींत लोणच्याची बरणी कशी बसवावी याविषयीं त्यांना सल्ला देणारीं माणसें पुष्कळ भेटतात. टपालाविषयीं कोणी बोलत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दक्षिण जर्मनींतील एका शहरीं राहावयास गेलों. एका वृद्ध बाईंच्या घरांत एक खोली भाड्यानें मिळाली. मनांतून मी त्यांना आजीबाई म्हणत असें. उघडपणें मात्र आडनांवानेंच संबोधावें लागे, कारण तिकडची रीतच तशी आहे. आठवड्याच्या आंत नगरपालिकेच्या कचेरींत जाऊन मीं राहण्याची नोंद केली, शिक्क्याचा कागद घेतला, आणि आतां सरकारदरबारीं आपलें घर लागलें या समाधानांत राहिलों. बँकेनें कार्ड टपालानें येईल म्हणून सांगितलें होतें. तें आलें नाहीं. राहण्याच्या परवान्यासाठीं कचेरींत केव्हां यावें हें पत्रानें कळावयाचें होतें; तेंहि कळलें नाहीं. पांच आठवडे मीं वाट पाहिली, आणि जर्मन शिस्तीविषयीं लहानपणापासून ऐकलेल्या साऱ्या गोष्टींवरचा माझा विश्वास उडूं लागला.

मग एके रात्रीं वडिलांचा फोन आला. माझे वडील जुन्या वळणाचे. फोनवर बोलणें झालें तरी महिन्यांतून एक पत्र स्वहस्तें लिहावयाचेंच, असा त्यांचा नेम. त्यांचें पत्र पुण्यास परत आलें होतें. लिफाफ्यावर एक छापील चिठ्ठी चिकटविलेली, तींत कांहीं फ्रेंच शब्द आणि एका चौकोनांत फुली. शेजारच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलीकडून त्यांनीं त्या शब्दाचा अर्थ काढून घेतला होता. "अरे, 'अनोळखी' असें लिहिलें आहे यावर. तूं खरोखर त्याच घरांत राहतोस ना?" त्यांच्या आवाजांतील शंका पत्त्याविषयींची नव्हती, हें मला तत्क्षणीं कळलें.

दुसऱ्या दिवशीं मीं आजीबाईंना ही हकीकत सांगितली. त्यांनीं कांहीं एक न बोलतां मला खालीं रस्त्याच्या दाराशीं नेलें. तेथें पत्रपेट्यांची एक रांग होती. त्यांतील आपल्या पेटीवरच्या नांवावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "यांत तुमचें नांव कोठें आहे?"

सारें मर्म या एका प्रश्नांत होतें. जर्मनींत बहुमजली इमारतींतील बिऱ्हाडांना पत्त्यासाठीं बहुधा क्रमांक नसतो. 'तिसरा मजला, खोली क्रमांक बारा' असें लिहिण्याची चाल तेथें सामान्यतः नाहीं. पत्त्यांत असतें तें रस्त्याचें नांव, इमारतीचा क्रमांक आणि गांव. इमारतीपर्यंत आल्यावर पुढची वाट नांवच दाखवितें. टपालवाला पेट्यांवरील नांवें वाचतो. पत्रावरचें नांव पेटीवर सांपडलें तर पत्र आंत टाकतो, न सांपडलें तर 'पत्रधनी येथें आढळला नाहीं' अशी नोंद करून परत पाठवितो. वरच्या मजल्यावर जाऊन चौकशी करणें हें त्याचें काम नव्हे. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. उलट, परक्याच्या पेटींत परक्याचें पत्र न टाकणें हेंच तेथें चोख काम समजलें जातें. पत्राची गुप्तता हा त्या देशाच्या १९४९ च्या राज्यघटनेंतील दहाव्या कलमानें दिलेला हक्क आहे, आणि दुसऱ्याचें बंद पत्र उघडणें हा दंडास किंवा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. खाजगीपणाला इतके जपणारे हे लोक आपलें नांव मात्र रस्त्यावरच्या दारावर ठसठशीत लावतात, याचें मला आरंभीं नवल वाटे. पुढें त्यांतली संगति लक्षांत आली.

तेव्हां नव्या घराची किल्ली हातांत पडली कीं, पहिलें काम म्हणजे पेटीवर व घंटीच्या बटणापाशीं नांव लावणें. तें मालकाच्या संमतीनें लावावें. दुसऱ्याच्या घरांत खोली घेतली असेल तर घरधनिणीच्या नांवाखालीं आपलें नांव लावावें, आणि तोंपर्यंतच्या पत्रव्यवहारांत आपल्या नांवाखालच्या ओळींत 'बाय' हा जर्मन शब्द लिहून पुढें तिचें आडनांव घालावें. आपल्या 'यांचे घरीं'चाच तो अर्थ. येथें आपल्या लोकांसाठीं दोन गोष्टी विशेष सांगावयास हव्यात. आपल्याकडे स्वतःचें, वडिलांचें वा पतीचें आणि आडनांव अशी तीन नांवांची माळ असते. कोणी पासपोर्टांत एक क्रम लिहितो, बँकेंत दुसरा, विद्यापीठांत तिसरा. पेटीवर आडनांव तर हवेंच. परंतु एखाद्या कचेरीनें वडिलांचें नांवच आडनांव समजून पत्रें धाडण्यास आरंभ केला असेल, तर तेंहि कांहीं दिवस लावून ठेवावें. दुसरी गोष्ट, लग्नानंतर जिनें माहेरचें आडनांव कायम ठेवलें आहे तिचें नांव नवऱ्याच्या नांवाशेजारीं लावलें नाहीं, तर तिचीं पत्रें परत जातील. टपालवाल्याला नातें ठाऊक नसतें.

आतां एक गैरसमज. माझ्याप्रमाणें पुष्कळांना वाटतें कीं, नगरपालिकेंत नोंद झाली म्हणजे टपालखात्यालाहि कळलें. तसें नाहीं. घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नोंद करणें हें कायद्यानें बंधनकारक आहे, आणि तीसाठीं घरमालकाचें प्रमाणपत्र लागतें. परंतु ही नोंद आणि पत्रपेटी यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. किंबहुना धोका वाढतो तो याच नोंदीमुळें. कारण तिच्या आधारावर सरकारी यंत्रणा आपल्याला पत्रें धाडूं लागते. करखात्याचा ११ आंकडी क्रमांक टपालानें येतो; तो नसला तर पहिल्या पगारांतून कर अधिक कापला जाण्याचा संभव असतो. आरोग्यविम्याचें कार्ड टपालानें येतें. बँकेच्या कार्डाचा गुप्त आंकडा कार्डापासून वेगळा, दुसऱ्या लिफाफ्यांतून येतो. रेडिओ व दूरचित्रवाणीच्या वर्गणीची मागणीहि येते, आणि घरांत रेडिओ नाहीं ही सबब तेथें चालत नाहीं. २०१३ पासून ती वर्गणी यंत्रामागें नसून बिऱ्हाडामागें आहे. एका बिऱ्हाडाला ती एकदांच द्यावयाची असते. म्हणून घरांतील दुसरें कोणी ती देत असेल, तर त्याचा वर्गणी-क्रमांक उत्तरीं कळवावा. पत्र केराच्या टोपलींत टाकूं नये.

ज्या देशांत मोटारी आणि यंत्रें बनतात तेथें अजून कागदाचा एवढा बडिवार कां, असें तरुण मंडळी विचारतात. त्याचें एक कारण असें कीं, अनेक व्यवहारांत कायदा शाईच्या सहीचा कागद मागतो. आणि दुसरें, पत्र केव्हां पोंचलें असें मानावयाचें याचे नियम तेथें ठरून गेलेले आहेत. हे नियम नवख्यानें समजून घेतलेच पाहिजेत.

सरकारी कचेरीनें आपला निर्णय साध्या टपालानें देशांतल्या देशांत पाठविला, तर टपालांत टाकल्यापासून चौथ्या दिवशीं तो पोंचला असें कायदा धरून चालतो. २०२४ अखेरपर्यंत हा दिवस तिसरा होता. टपालाच्या वांटपाची मुदत सैल झाली तेव्हां, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून, तो चौथा झाला. निर्णयाविरुद्ध तक्रार करण्यास बहुधा एक महिना असतो, आणि तो या दिवसापासून मोजतात. पत्र खरोखरीच आलें नसेल तर तसें सांगतां येतें, आणि वाद पडल्यास तें पोंचल्याचें सिद्ध करण्याची जबाबदारी कचेरीवर असते.

याहून कडक प्रकार म्हणजे पिवळा लिफाफा. न्यायालयें आणि दंड बसविणाऱ्या कचेऱ्या तो वापरतात. टपालवाला आधीं तो हातीं देण्याचा यत्न करतो. घरीं कोणी नसेल तर तो पत्रपेटींत टाकतो, लिफाफ्यावर त्या दिवसाची तारीख लिहितो, आणि टाकल्याबद्दलचा दाखला पाठविणाऱ्याकडे धाडतो. त्या क्षणीं पत्र मिळालें असें कायदा मानतो. आपण त्या दिवशीं दुसऱ्या गांवीं होतों, सुटीसाठीं पुण्यास आलों होतों, किंवा आंतील जर्मन समजली नाहीं, यानें मुदत थांबत नाहीं. मोटार वेगानें हांकल्याच्या दंडाविरुद्ध हरकत घेण्यास दोनच आठवडे मिळतात. म्हणून पिवळा लिफाफा आला तर तो त्याच दिवशीं उघडावा, कोणाकडून तरी वाचून घ्यावा, आणि लिफाफा फाडून टाकूं नये, कारण मुदत ज्या तारखेपासून धांवते ती लिफाफ्यावर असते. आपली चूक नसतां मुदत हुकली असेल तर पूर्वस्थिति मिळावी असा अर्ज करतां येतो. मात्र दंडाच्या प्रकरणांत तो अडथळा दूर झाल्यापासून एका आठवड्याच्या आंत कारणांसह द्यावा लागतो. दीर्घ सुटीवर निघतांना पेटीची किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे देणें आणि पत्रें उघडण्याची त्याला लेखी परवानगी देणें, हा साधा बंदोबस्त मीं पुढें नेहमीं केला.

पत्र पाठविण्याची रीत त्या मानानें सोपी आहे. पत्ता लिहितांना वर नांव, मग रस्ता व त्यापुढें घराचा क्रमांक, आणि खालीं पांच आंकड्यांच्या संकेतांकापुढें गांवाचें नांव, असा क्रम असतो; आपल्याप्रमाणें संकेतांक गांवाच्या मागून येत नाहीं. आंकडे लिहितांना जपावें. जर्मन लोक एकाचा आंकडा वर लांब शेंडी काढून लिहितात, त्यामुळें आपला साधा इंग्रजी सात त्यांना एक वाटतो. साताच्या पोटांतून एक आडवी रेघ ओढली म्हणजे शंका राहत नाहीं. माझी एक सतरा क्रमांकाची घरमालकीण केवळ या रेघेअभावीं कित्येक दिवस माझ्या उत्तराची वाट पाहत बसली.

त्या पांच आंकड्यांनाहि इतिहास आहे. पूर्व व पश्चिम जर्मनी १९९० मध्यें एक झाल्या तेव्हां दोन्हींकडे चार आंकडी संकेतांक होते, आणि त्यांत गोंधळ असा कीं, पश्चिमेकडील बॉन आणि पूर्वेकडील वायमार या दोघांचा अंक ५३०० हाच. कांहीं काळ अंकामागें पूर्व-पश्चिमेचें अक्षर लावून काम भागविलें, आणि १ जुलै १९९३ पासून नवे पांच आंकडी संकेतांक आले. लोकांना ते शिकविण्यासाठीं रोल्फ नांवाचा एक पिवळा पंजा जाहिरातींतून नाचविला जाई. आपल्याकडील सहा आंकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला, आणि ती योजना सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व कवि होते, हें ओघानें आलें म्हणून सांगतों.

२० ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राचा दर २०२५ च्या जानेवारींत ९५ सेंट झाला, आणि परदेशच्या पत्राचा १ युरो २५ सेंट. नेहमींच्या जाडीचे तीन मोठे कागद व एक लिफाफा मिळून वजन जेमतेम २० ग्रॅम भरतें. चौथा कागद घातला कीं वरचा दर लागतो. नव्या कायद्याप्रमाणें शेंकडा ९५ पत्रें टाकल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोंचावीं अशी अपेक्षा आहे, म्हणजे उद्यां पोंचेल या हिशेबानें मुदतीचें पत्र टाकूं नये. टपालकचेरी म्हणून मोठी इमारत शोधूं नये. पुष्कळदां ती कागद-पेन्सिलींच्या किंवा वाणसामानाच्या दुकानाच्या एका कोपऱ्यांत असते. पिवळा रंग आणि शिंगाचें चिन्ह दिसलें कीं समजावें.

महत्त्वाचें पत्र असेल तर नोंदणी करावी, पण कोणती, हें विचारून. सहीनिशीं द्यावयाचें नोंदणीपत्र घरीं कोणी नसलें तर दुकानांत साधारण आठवडाभर पडून राहतें. घेणारा आणावयास गेलाच नाहीं तर तें परत येतें, आणि आपली मुदत टळते. त्यापेक्षां पेटींत टाकून त्याची नोंद ठेवणारा दुसरा प्रकार बरा. त्या नोंदीची प्रत मागवून ठेवावी. घर सोडण्याची सूचना हें याचें उत्तम उदाहरण. ती कागदावर, शाईच्या सहीनें, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातीं पडावी लागते. मार्चांत वेळेवर पडली तर मे अखेर सुटका होते, एक दिवस उशीर झाला तर आणखी एका महिन्याचें भाडें. ई-मेलनें दिलेली सूचना कायद्यास मान्य नाहीं. एखादा मित्र बरोबर घेऊन, त्याला पत्र दाखवून, त्याच्या देखत मालकाच्या पेटींत टाकणें हा उपायहि तिकडे सर्रास करतात.

पार्सलांची तऱ्हा निराळी. आपण घरीं नसलों तर पार्सलवाला तें शेजाऱ्याकडे देतो आणि पेटींत तशी चिठ्ठी टाकतो. प्रथम मला हा आगाऊपणा वाटला. पुढें माझ्या तीन शेजाऱ्यांशीं ओळख झाली ती या पार्सलांच्या निमित्तानेंच. दुकानांतून आणावयाचें असेल तर पासपोर्ट बरोबर न्यावा, आणि येथेंहि नांवाचा तोच प्रश्न उभा राहतो.

आईनें पाठविलेल्या डब्याविषयीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरच्या देशांतून टपालानें युरोपीय संघांत आणण्यास बंदी आहे. म्हणजे साजुक तूप, खवा, पेढे पाठवूं नयेत. सांपडले तर ते नष्ट करतात. ताजीं पानें, भाज्या, बियाणें यांना वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून कढीलिंबाची जुडीहि नको. खाजगी माणसानें खाजगी माणसाला अधूनमधून धाडलेली ४५ युरोपर्यंतची भेट जकातीवांचून जाते. त्यावर मूल्य गेलें तर कर, आणि वाहकाची हशील वेगळी. जकातीच्या कागदावर 'भेट' एवढेंच न लिहितां वस्तूंचीं नांवें व खरी किंमत लिहावी. किंमत शून्य लिहिल्यानें पार्सल सुटत नाहीं. तें अडतें.

आतां वडिलांच्या लिफाफ्यावर फ्रेंच शब्द कां, हें राहिलें. जर्मन टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांच्या पुढाकारानें ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं स्वित्झर्लंडांतील बेर्न येथें २२ राष्ट्रांनीं एक करार केला, आणि त्यांतून जागतिक टपाल संघ निघाला. हिंदुस्थान त्यांत १८७६ मध्यें सामील झाला. टपालापुरतें सारें जग हा एकच मुलूख, हें त्या कराराचें सूत्र. म्हणून पुण्यांत लावलेल्या तिकिटावर जर्मनींतील दारापर्यंत पत्र जातें आणि तेथें पुन्हां पैसे मागत नाहींत. न पोंचलेलें पत्र पाठविणाऱ्याकडे परत करावयाचें तेंहि याच करारान्वयें. संघाची अधिकृत भाषा फ्रेंच, तेव्हां दोन देशांमधील या चिठ्ठ्या फ्रेंचमध्यें असतात. वडिलांना मीं हें सविस्तर कळविलें. त्यांनीं ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

परवान्याची माझी तारीख टळून गेली होती. नवी तारीख मिळेतोंपर्यंत व्हिसाची मुदत संपते कीं काय, या काळजींत मीं तीन आठवडे काढले. कचेरींतील बाईंनीं शेवटीं पेटीवर नांव आहे ना हें दोनदां विचारून पुढचा दिवस दिला. आजीबाईंनीं तोंवर माझें नांव स्वच्छ अक्षरांत एका पट्टीवर लिहून आपल्या नांवाखालीं लावलें होतें. मराठी आडनांवाच्या स्पेलिंगांत त्यांनीं एक अक्षर अधिक घातलें. मीं तें सुधारलें नाहीं, आणि पत्रें येत राहिलीं.

घर बदलतांना टपालकंपनीला पत्रें पुढें पाठविण्याची आज्ञा पैसे भरून देतां येते. ती एक वा दोन वर्षांची असते आणि काम सुरू होण्यापूर्वीं कांहीं दिवस आधीं द्यावी लागते. जर्मनींत पत्रवांटपाची मक्तेदारी २००८ च्या आरंभीं संपली, तेव्हांपासून दुसऱ्याहि कंपन्या पत्रें वांटतात; म्हणून एकीला दिलेल्या आज्ञेवर विसंबून न राहतां बँक, विमा, विद्यापीठ यांना नवा पत्ता स्वतंत्रपणें कळवावा. ही आज्ञा दिल्यानें नगरपालिकेला कळत नाहीं, आणि नगरपालिकेला कळविल्यानें टपालाला कळत नाहीं. देश सोडतांनाहि दोन्हीं ठिकाणीं वेगवेगळें जावें लागतें.

मी स्वतः देश सोडतांना नगरपालिकेंत गेलों आणि टपालाची आज्ञा द्यावयास विसरलों. आजीबाईंनीं पट्टी काढली नाहीं. त्यानंतर दोन महिने माझ्या नांवचीं जीं पत्रें आलीं तीं त्यांनीं एका मोठ्या लिफाफ्यांत घालून पुण्यास पाठविलीं, आणि पत्त्यांत पिनकोड शहराच्या नांवाआधीं लिहिला होता. आमच्या पोस्टमननें तें पाकीट वडिलांच्या हातीं आणून दिलें.